पिवळ्या चिठ्ठीची शेवटची ओळ

अकोल्याच्या संमेलनात दरवर्षी एक नवं गाणं गायलं जातं, आणि सलग अकरा वर्षं ते गाणं माझं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे केलं ते कशासाठी केलं हे तुम्हाला कळेल. बरोबर केलं असं मी म्हणत नाही.

संमेलन फेब्रुवारीत, तीन दिवसांचं. अमरावती, अंजनगाव सुर्जी, चांदूर बाजार, तिवसा, झाडून सगळ्या चर्चची माणसं गाड्या भरून येतात. शेवटच्या दिवशी सकाळी नवं गाणं. त्याआधी गाणं लिहिणारा माईकवर येऊन साक्ष देतो, म्हणजे हे गाणं देवानं आपल्याला कसं दिलं ते सांगतो. मग पिवळ्या कागदाच्या चिठ्ठ्या वाटतात, तीन वेळा गाणं म्हणून घेतात, आणि पुढच्या रविवारपासून ते गावोगाव पेटीवर वाजायला लागतं. चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ असते, 'शब्द व चाल', आणि पुढे नाव. अकरा वर्षं तिथं 'प्रीतम खंडारे, अमरावती' होतं. छापणाराही मीच. राजकमल चौकाजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे.

साक्षीचं म्हणाल तर ती मी दरवर्षी जवळपास एकच द्यायचो. पहाटे चार वाजता प्रभूनं मला उठवलं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि शब्द आपोआप आले. खरं म्हणजे जानेवारी संपत आला की दुपारी गिऱ्हाईक नसताना दुकानात बसून मी गाणं जुळवायचो. करुणासागर, दयानिधान, अगाध, अपार, हे शब्द इकडचे तिकडे करायचे. चाल कुठल्या जुन्या गाण्यासारखी वाटली तर लय थोडी वाढवायची. लोक भक्तीनं गायचे. मीही भक्तीनंच वाजवायचो, ते खोटं नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या चर्चमध्ये ज्योत्स्ना आली. अंजनगावची मुलगी, सव्वीस वर्षांची, इथल्या एका दवाखान्यात नर्स. सुरुवातीला मागच्या बाकावर बसायची. सहा महिन्यांत आमच्या पाळकांनी, देवमन साहेबांनी, तिला महिन्यातून एक रविवार उपासना चालवायला दिली. मी म्हटलं, चालवू द्या, पोर आहे, शिकेल हळूहळू. ती काही शिकली नाही. तिला येतच होतं. पहिल्याच गाण्याला मला ते कळलं आणि माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

ते गाणं काय होतं ते सांगतो, म्हणजे माझा जळफळाट समजेल. आमच्याकडे सुंदराबाई म्हणून एक म्हातारी आहे. गुडघे गेलेले, घरात एकटी. गुरुवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थना असते, तिथं कुणी तरी तिला धरून आणायचं आणि ती दर वेळी एकच प्रार्थना करायची: "बापा, मले उठवत नाही, म्हनून मी कडी काढूनच ठेवते. तू कवाबी ये." आम्ही ती वीस वर्षं ऐकत आलो होतो. तिनं तोंड उघडलं की मी मनातल्या मनात दुकानाची यादी करायचो. ज्योत्स्नानं ती तीनदा ऐकली आणि गाणं केलं, 'कडी काढून ठेवली बापा, तू कवाबी ये'. बस, एवढंच. त्यात ना करुणासागर ना काही. आणि सगळी मंडळी दुसऱ्याच फेरीला गायला लागली. सुंदराबाई पदराआड रडत होती. पेटीवर मी होतो. माझ्या अकरापैकी एकाही गाण्याला कुणी पदराआड गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

घरी येऊन मी बायकोला म्हटलं, "हे का गानं झालं? म्हातारीचं बोलनं उचललं अन् चाल लावून देली."

दामिनी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मंग तुमी उचलाचं होतं ना. वीस वर्षं तुमच्या समोरच बसत होती म्हातारी."

माझी बायको अशीच आहे. तिच्याकडून सहानुभूती मिळवायला आधी अर्ज करावा लागतो.

शेवटी एकदा मी ज्योत्स्नालाच विचारलं. उपासना संपल्यावर ती सतरंज्या गोळा करत होती. आवाज शक्य तितका मोठ्या भावासारखा ठेवून मी म्हटलं, "तुले गानं सुचते कसं?"

"मले कुठं सुचते भाऊ?" ती म्हणाली. "लोक प्रार्थना करतात ते मी ध्यानात ठेवते. ड्यूटीवर जाता-येता गुनगुनते. बसलं तं बसलं, नाई तं सोडून देते."

मला वाटलं, लपवते आहे. इतकं सोपं असतं तर मग मी काय करत होतो अकरा वर्षं?

तरी मी करून पाहिलं. दोन गुरुवार वही घेऊन बसलो. एकानं मुलाच्या बदलीसाठी प्रार्थना केली, एकीनं सुनेच्या स्वभावासाठी, एकानं बोअरला पाणी लागावं म्हणून. मी लिहिलं, 'बोअर', आणि पुढे काही सुचलं नाही. मग उपास धरून वडाळी तलावावर सकाळी जाऊन बसलो. तिथं फिरायला आलेल्या दोन ओळखीच्यांनी तब्येतीची चौकशी केली, एकानं डॉक्टरचं नाव सुचवलं. तिसऱ्या दिवशी मला मुंग्या चावल्या. देवानं काही दिलं नाही. त्याला द्यायचं होतं ते त्यानं दवाखान्याच्या रस्त्यावर वाटून टाकलं होतं, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटत होतं.

डिसेंबरात संमेलनाच्या कमिटीचा निरोप आला. या वर्षी अमरावतीतून दोन गाणी ऐकायची, एक प्रीतमचं, एक ज्योत्स्नाचं, आणि त्यातलं एक घ्यायचं. कमिटीचे अध्यक्ष सूर्यभानजी जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी अकोल्याहून स्वतः येणार. देवमन साहेबांनी हे मला फार प्रेमानं सांगितलं. "नवीन लोकायले बी संधी देली पाह्यजे, प्रीतमभाऊ," ते म्हणाले. मी म्हटलं, "हो ना साहेब, काहून नाही!" आणि घरापर्यंत स्कूटर कुठल्या गिअरमध्ये चालवली ते मला आठवत नाही.

आता आमच्यातली एक रीत सांगतो. ती कुठं लिहिलेली नाही, पण चर्चमध्ये वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आमच्याकडे तोंडावर भांडत नाहीत, प्रार्थनेत भांडतात. डोळे मिटलेले असतात, मध्ये कुणाला बोलता येत नाही, आणि जो बोलतो तो देवाशी बोलतो. नाव कुणाचंच घ्यायचं नाही. 'आमच्यातल्या काहींना नम्रता दे' एवढं म्हटलं की ज्याला लागायचं त्याला लागतं. लागलेल्याला उत्तर द्यायचं तर त्यानंही प्रार्थना करायची. एकदा दोन वडीलधारे कुंपणाच्या भिंतीच्या वादापायी चाळीस मिनिटं एकमेकांविरुद्ध प्रार्थना करत होते, आणि बाकीचे दर दोन वाक्यांना आमेन म्हणत होते.

सूर्यभानजी यायच्या आधीचा गुरुवार सुंदराबाईच्या घरी होता. छोटी खोली, पंधरा माणसं. ज्योत्स्ना दाराजवळ बसली होती, ड्यूटीवरून थेट आलेली. सुंदराबाईनं तिचा हात हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे पोरगी आली तवापासून चर्चमधी जीव आला." मी अठ्ठावीस वर्षं त्या चर्चमध्ये पेटी वाजवतो आहे. इतकी वर्षं तिथं काय मढं होतं?

तेवढ्यात साहेब म्हणाले, "प्रीतमभाऊ, प्रार्थना करा."

मी डोळे मिटले. इतर वेळी मी पुस्तकी मराठीत प्रार्थना करतो. त्या दिवशी राग इतका होता की पुस्तक आठवलंच नाही. "बापा," मी म्हटलं, "पेटीले वाटते आवाज माहा हाय. भाता ज्याच्या हाती हाय त्याले ते विसरून जाते. लोक वा वा म्हनतात अन् पेटी फुगते. तू हात काढला का ते काय उरते बापा? लाकूड उरते. कोपऱ्यात धूळ खाते. आमच्यामधी अशी कोनती पेटी असन तं तिले भानावर आन." आणखीही बरंच म्हटलं. शब्द भराभर येत होते, कुठं थांबावं लागलं नाही. सगळे आमेन म्हणाले. सुंदराबाई सगळ्यांत मोठ्यानं.

परत येताना स्कूटरवर मागून दामिनी म्हणाली, "कोनाशी बोलून राहिले होते तुमी? देवाशी का त्या पोरीशी?"

"सगळ्यायसाठी केली मी प्रार्थना."

"सगळे कुठं पेटी वाजवतात?" ती म्हणाली. "पेटी तं तुमीच वाजवता."

खरं सांगू, मला फार बरं वाटत होतं. किती तरी दिवसांनी, त्या रात्रीपुरतं, पोट दुखायचं थांबलं होतं.

रविवारी सूर्यभानजी आले. सत्तरीचे, पांढरं शुभ्र धोतर, पहिल्या बाकावर काठीवर हनुवटी टेकून बसले. आधी माझं गाणं झालं. 'हे अगाध प्रेमसागरा.' मी चांगलं गायलो, उगाच खोटी नम्रता कशाला. लोकांनी डोळे मिटून ऐकलं आणि संपल्यावर कुणीतरी खोकललं.

मग ज्योत्स्ना उठली. तिनं माईक थोडा खाली केला आणि म्हणाली, "मी जे गानं देलं होतं ते आज गाऊन नाई राहिली. हे दुसरं हाय. याचे शब्द माह्ये नाहीत. प्रीतम भाऊनं गुरवारी प्रार्थना केली होती, ते शब्द हायेत." मग माझ्याजवळ येऊन तिनं पट्टी सांगितली आणि हळूच म्हणाली, "तिसऱ्या ओळीले भाता सोडून द्या भाऊ. पेटी बंद. फक्त लोक गातील."

माझे कान तापले. मला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर माझी उतरवणार. पळून जायला जागा नव्हती, कारण पेटीवर मीच होतो. तिनं एकेक ओळ सांगून लोकांकडून म्हणवून घेत सुरू केलं:

पेटीले वाटे आवाज माहा,
भाता बापा तुह्या हाती.
तू हात काढला का लाकूड मी,
कोपऱ्यातली धूळ सोबती.

त्यात कुठं टोमणा नव्हता. ती सरळ देवाशी बोलत होती, स्वतःबद्दल. चाल साधी, आपल्याकडे बाया जात्यावर धरतात तशी खालच्या सुरात फिरणारी. तिसरी ओळ आली आणि मी भात्यावरचा हात काढला. पेटी गप्प झाली. चर्चभर नुसते माणसांचे आवाज राहिले, कुणाचा जाड, कुणाचा फुटका. पेटी थांबल्यावर माणसांना स्वतःचा आवाज ऐकू येतो आणि ती दचकतात. दुसऱ्या फेरीला सगळे त्या ओळीची वाट बघत होते. तिसऱ्या फेरीला सूर्यभानजींनी काठी बाजूला ठेवली.

आणि मी? मी तिथं बसून एकच विचार करत होतो, की अठ्ठावीस वर्षं पेटी वाजवतो आहे आणि ती थांबवायची असते हे मला कधी सुचलं नाही.

"हेच गानं," सूर्यभानजी म्हणाले. "शब्द प्रीतमचे, चाल पोरीची. चिठ्ठीवर दोघायचे नाव टाका." लोक माझ्याभोवती जमले. देवमन साहेबांनी मला मिठी मारली. "किती नम्र प्रार्थना होती प्रीतमभाऊ, आमच्या तं ध्यानातच नाही आलं!" मी मान खाली घालून हसलो. मला ते हसू चांगलं जमतं. दामिनी लांब उभी राहून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्याकडे न बघणंही मला चांगलं जमतं.

संमेलनाच्या आठवडाभर आधी मी चिठ्ठी छापायला घेतली. गेल्या वर्षीची फाईल उघडली, जुनं गाणं काढून नवं टाकलं. तळाची ओळ जुनीच होती. 'शब्द व चाल: प्रीतम खंडारे, अमरावती.' मी तिच्याकडे बघितलं. दोघांची नावं टाकायला एक मिनिट लागलं असतं. मग मनात आलं, पंधराशे चिठ्ठ्या वऱ्हाडभर जाणार, लोकांच्या बायबलात वर्षानुवर्षं राहणार. शब्द माझे आहेतच. चालसुद्धा माझ्याच शब्दांना लागली ना? मी छापायची कळ दाबली. कुणी विचारलं तर सांगायचं, जुनी फाईल होती, राहून गेलं.

मशीन चालू असतानाच ज्योत्स्ना दुकानात आली. दवाखान्यातून घरी जाता जाता चिठ्ठी बघायला. तिनं एक गरम चिठ्ठी उचलली आणि वरपासून खालपर्यंत वाचली. अगदी खालपर्यंत. मी उगाचच कागदांचा गठ्ठा ठोकून सरळ करत होतो.

"दुसऱ्या कडव्यात एक अनुस्वार राह्यला भाऊ," ती म्हणाली. "तेवढा टाकून द्या."

बाकी काही बोलली नाही. मला वाटलं होतं बोलेल. बोलली असती तर मी चिडलो असतो आणि सगळं सोपं झालं असतं. ती नुसतीच उभी राहिल्यावर माझ्याच तोंडून निघालं, "त्या गुरवारी मी कोनाबद्दल बोललो होतो, ते तुले कळलं नोतं का?"

"कळलं होतं ना भाऊ." ती चिठ्ठीची घडी घालत म्हणाली. "डोळे मिटले होते, कान तं उघडेच होते माह्ये. दोन दिवस लय रडली मी. म्हटलं, अंजनगावले वापस चालली जावं. मंग वाटलं, खरंच हाय का मी तशी? लोक माहं गानं गातात तं मले लय मस्त वाटते भाऊ. लय म्हनजे लय. तं मंग तुमचं बोलनं खरंच होतं. अन् माह्यासाठी होतं तं मीच गायले पाह्यजे ना?"

ती गेली. मी मशीन थांबवलं, फाईल उघडली, दुसऱ्या कडव्यातला अनुस्वार टाकला आणि पुन्हा छापायला सुरुवात केली. तळाच्या ओळीला हात लावला नाही. आतापर्यंत मी तिच्या गाण्यावर जळत होतो. त्या दिवसापासून तिच्या मनावरही जळायला लागलो.

संमेलनाला आमची गाडी मूर्तिजापूरवरून गेली. वाटेत मी चिठ्ठ्यांचा खोका मांडीवर घेऊन बसलो होतो. दामिनीनं त्यातली एक काढून वाचली. "हे काय?" ती म्हणाली.

"जुनी फाईल होती. राहून गेलं."

तिनं चिठ्ठीची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

शेवटच्या दिवशी सकाळी मांडव गच्च भरला होता. चिठ्ठ्या वाटून झाल्या. सूर्यभानजी म्हणाले, "साक्ष द्यायले प्रीतमभाऊ येतील." मी माईकवर गेलो. ज्योत्स्ना बाजूला उभी राहिली, गायला. साक्ष मी तयार केली होती. "पहाटेची वेळ होती," मी सुरू केलं. "वडाळी तलावाच्या काठी मी प्रार्थनेत होतो." लोकांनी माना हलवल्या. बाजूला ज्योत्स्नानं डोळे मिटले आणि हात जोडले. ती माझ्यासाठी प्रार्थना करत होती. माझ्या खोट्यासाठी. मी पुढचं वाक्य सोडून दिलं.

"हे खोटं आहे," मी म्हटलं. "मी तलावावर गेलो होतो, पण तिथं मला फक्त मुंग्या चावल्या." कुणी तरी हसलं. मग मी सगळं सांगितलं. या मुलीवर मी दीड वर्ष जळतो आहे. सुंदराबाईच्या घरी मी जी प्रार्थना केली ती देवाला नव्हती, हिला टोमणा होता. मला राग आला होता म्हणून ते शब्द आले. हिनं ते ऐकले, रडली, आणि गायली. माझ्या अकरा वर्षांच्या पहाटेच्या साक्षीही तशाच होत्या, हेही सांगून टाकलं. बायका डोळे पुसत होत्या. मागे खुर्चीत आणून बसवलेली सुंदराबाई ओरडली, "आमेन, बापा!" आणि मग सगळा मांडव आमेन म्हणाला.

गाणं झालं. तिसऱ्या ओळीला मी भाता सोडला आणि दीड हजार माणसं पेटीशिवाय गायली. तसला आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

जेवणाच्या वेळी मला ताट हातात घेता येईना. चांदूर बाजारचे लोक, तिवशाचे लोक, सगळे हात धरत होते. "काय साक्ष देली भाऊ! अशी साक्ष पाह्यली नाही." एका पाळकांनी मला त्यांच्या चर्चमध्ये बोलायला बोलावलं. एकानं चिठ्ठी पुढे केली, "सही द्या भाऊ," आणि मी तळाच्या ओळीवर, माझ्या नावाशेजारी, सही केली. मला फार बरं वाटत होतं. तसंच बरं, जसं त्या गुरुवारी स्कूटरवर वाटलं होतं.

पंगतीत जाऊन बसलो तर दामिनीनं माझ्यापुढे रस्सा-भाताचं ताट सरकवलं. "सगळं सांगतलं तुमी," ती म्हणाली. "चिठ्ठीचं राह्यलं."

मी वर बघितलं. समोरच्या पंगतीत टोकाला ज्योत्स्ना एकटी जेवत होती. तिच्याजवळ कुणी जात नव्हतं. का जावं? चिठ्ठीवर तिचं नाव नव्हतं, आणि साक्षीत ती फक्त रडली आणि गायली होती. सगळी पापं मी मोजून दाखवली होती, आणि जिच्यावर खरा जळत होतो ती चाल तेवढी स्वतःकडे ठेवून घेतली होती. कबूल करण्याच्या नादातसुद्धा मी ती चोरली.

ताट बाजूला सरकवलं. उठलो. स्टेजवर सूर्यभानजी सूचना देत होते. कुणाचं तरी चष्म्याचं घर सापडलं होतं, तिवशाची गाडी तीन वाजता निघणार होती. मी त्यांच्याकडून माईक घेतला.

"सकाळच्या गान्याची चाल माही नाही," मी म्हटलं. "ते अंजनगावच्या ज्योत्स्नानं लावली. चिठ्ठीवर मी माहं नाव मुद्दाम ठेवलं. तिसऱ्या ओळीले पेटी थांबवाची हे तिनंच शोधलं. मले आयुष्यात सुचलं नसतं."

शेवटचं वाक्य बोलायला मला सगळ्यांत जड गेलं. आणि ते कुणी ऐकलं नाही. भाताच्या बादल्या वाजत होत्या, वाढपी 'रस्सा, रस्सा' ओरडत होते. पहिल्या रांगेतल्या एकानं शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हने?" शेजारी म्हणाला, "काही नाही, चिठ्ठीचं काही तरी." कुणी आमेन म्हटलं नाही. सूर्यभानजींनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, माईक परत घेतला आणि गाडीची सूचना पुन्हा दिली.

खाली आलो तर दामिनीनं पर्समधून ती घडी घातलेली चिठ्ठी आणि पेन काढून माझ्या ताटाशेजारी ठेवलं होतं. बाकीच्या चिठ्ठ्या एव्हाना लोकांच्या बायबलांत आणि पिशव्यांत गेल्या होत्या. काही गाड्या भरत होत्या, काही निघाल्याही होत्या. पुढच्या रविवारपासून गावोगाव ते गाणं वाजणार, आणि लोक चाल ऐकून म्हणणार, खंडारे भाऊंची आहे.

मी त्या एका चिठ्ठीवर 'व चाल' खोडलं, खाली लिहिलं, 'चाल: ज्योत्स्ना, अंजनगाव सुर्जी', आणि समोरच्या पंगतीत जाऊन तिला दिली. तिनं डावा हात ओढणीला पुसून ती घेतली. वरपासून खालपर्यंत वाचली.

"अनुस्वार टाकला वाटते तुमी," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "तेवढा टाकला होता."